पूर्व गट, पश्चिम गट

बेसबॉलचा सामना चालू होता आणि सहाव्या डावात पाऊस आला. मैदानावरच्या मंडळींनी धावत जाऊन ताडपत्री ओढली, खेळाडू छताखाली गेले आणि प्रेक्षक जिन्याखाली गर्दी करून हॉट डॉग खात उभे राहिले. ऑड्रा व्होइट मात्र आपल्या लाकडी खोलीतून हलली नाही. ती पाइन हार्बरच्या मैदानाची गुणलेखक होती. वर्षभर शाळेत गणित शिकवायचं आणि उन्हाळाभर इथे बसून कुठला फटका खरा आणि कुठे क्षेत्ररक्षकाची चूक झाली ते ठरवायचं, हा तिचा वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंतचा शिरस्ता. पाऊस पडला की ती पुन्हा एकदा रकाने तपासायची.

दार न वाजताच उघडलं. एक उंच, नखशिखांत भिजलेला माणूस आत आला. एका हातात मायक्रोफोन, दुसऱ्या हातात वायरचं भेंडोळं.

"पाहुण्यांच्या खोलीचं छत गळतंय," तो म्हणाला. "मी रुबेन टॅलामांटेस. कॉर्विनचा रेडिओ. इथे बसलो तर… चालेल?"

विचारत होता खरा, पण तोवर त्याची वायर लावूनही झाली होती. ऑड्राने आपली वही थोडी बाजूला घेतली. त्याच्या केसांतलं पाणी तिच्या चौथ्या डावावर पडलं आणि तिने ते बोटाने टिपलं. तो ओशाळून हसला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की या माणसाला हसताना एकाच गालावर खळी पडते.

पाऊस थांबेपर्यंत रेडिओवाल्याला गप्प बसता येत नाही. रुबेनने आधी ढगांचं वर्णन केलं, मग डासांचं, मग कॉर्विनच्या बसच्या बिघडलेल्या पंख्याचं. विषय संपले तसा तो तिच्याकडे वळला आणि श्रोत्यांना सांगू लागला की आत्ता आपल्या शेजारी त्या बाई बसल्या आहेत, ज्यांनी दुपारी आपल्या शॉर्टस्टॉपला खेळणाऱ्या पोराच्या नावावर चूक लिहिली.

"चेंडू त्याच्या पायांमधून गेला," ऑड्रा म्हणाली.

"थोडासा."

"चेंडू थोडासा जात नाही. एकतर जातो, नाहीतर राहतो."

रुबेनला हे फारच आवडलं. त्याने मायक्रोफोन दोघांच्या मध्ये ठेवला. मग तिनेही मनातली जुनी सल बाहेर काढली. लीगमध्ये आठ गावं. तळ्याकाठची चार पूर्व गटात, डाकोटाच्या सपाट गव्हाच्या प्रदेशातली चार पश्चिम गटात. दोन्ही गटांतले पहिले अंतिम फेरीत खेळणार, बाकी सगळे घरी. गेल्या वर्षी पाइन हार्बरने एकसष्ट सामने जिंकले आणि पूर्व गटात दुसरं आल्यामुळे घरी बसलं. कॉर्विनने पन्नास जिंकले आणि दुबळ्या पश्चिम गटात पहिलं आल्यामुळे ते अंतिम फेरीत गेलं. पाइन हार्बरच्या सलूनमध्ये अजून यावरून भांडणं होत होती.

"सगळ्यांची एकच यादी करा," ती म्हणाली. "वरचे चार बाद फेरी खेळतील. पन्नास एकसष्टच्या पुढे जातात, हे कुठल्या गणितात बसतं?"

"गणितात नाही बसत," रुबेन म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता, रेडिओवरचा राहिला नव्हता. "पण मॅडम, आमच्याकडे अकराशे माणसं राहतात. मोठ्या गावांसारखे खेळाडू आम्हाला परवडत नाहीत. एकच यादी केलीत तर आम्ही चार जुलैलाच संपलो. मग ऑगस्टमध्ये संध्याकाळी मैदानावर यायचं कशासाठी? गट आहे म्हणून आमच्याकडे ऑगस्ट आहे."

ऑड्राने वहीच्या कडेला एकसष्ट लिहिलं आणि स्वतःच खोडलं. वर्गात असं कधी होत नसे.

पुढचे दोन दिवस तो रोज तिच्याच खोलीत बसला. छत म्हणे अजून गळत होतं, आभाळ स्वच्छ असूनही. तिसऱ्या रात्री कॉर्विनची बस गेली. पश्चिमेचा संघ पूर्वेच्या गावात उन्हाळ्यातून एकदाच येतो आणि तीनच दिवस राहतो, असा नियमच होता.

मग फोन सुरू झाले. रेडिओवाल्याला दुसऱ्या गावांचे निकाल लागतात आणि ते गुणलेखकाकडून घ्यायची रीत आहे. दोन मिनिटांचं काम. रुबेनला चाळीस लागायची. कुणी किती धावा केल्या इथून सुरुवात व्हायची आणि त्याच्या आईची मिरचीची झाडं, ऑड्राची न शिजलेली बीन्स, वर्गातला तो एक मुलगा ज्याला अपूर्णांकांची भीती वाटते, असं करत करत 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. सप्टेंबरात मोसम संपला. निकाल संपले. फोनही संपला. निमित्ताशिवाय फोन करायचा म्हणजे काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि ते बोलायची हिंमत दोघांपैकी एकालाही झाली नाही.

त्या हिवाळ्यात लीगचं वेळापत्रक करणारा म्हातारा गृहस्थ फ्लोरिडाला राहायला गेला. लीगच्या अध्यक्ष डोरिस पेल्की, वय बहात्तर, आवाज खणखणीत, यांनी ते काम ऑड्राच्या गळ्यात टाकलं. तिने जानेवारीभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून ते केलं. आठ गावं, बसच्या वाटा, सुट्ट्या, सगळं जुळवलं. मार्चमध्ये ते छापून आलं तेव्हा पाइन हार्बरचा व्यवस्थापक डोकं धरून बसला. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गर्दीच्या दिवशी, पाहुणा संघ कोण? तर कॉर्विन, ज्यांना बघायला कुणी फिरकत नाही.

रुबेन जुलैत आला तो वेळापत्रकाची घडी खिशात घेऊनच.

"हे मुद्दाम केलंस?" त्याने विचारलं.

"आकडे तसे पडले."

"बिचारे आकडे," तो म्हणाला, आणि सबंध दुपार एकटाच हसत राहिला.

ऑड्राला राग आला. तिने घरी जाऊन कागद पुन्हा काढले, आपण बरोबर होतो हे दाखवायला. कॉर्विनचे तीन दिवस दुसरीकडे बसवायच्या अकरा वाटा निघाल्या. अकरा. त्यातली एकही तिला जानेवारीत दिसली नव्हती, आणि ती हिशेबात चुकणारी बाई नव्हती. मग उठून तिने तोंडावर गार पाणी मारलं. रुबेन तिला आवडत होता. हे तिच्या आधी तिच्या वेळापत्रकाला कळलं होतं.

त्या शरद ऋतूत पूर्व गटातला एक संघ बंद पडला आणि पश्चिमेकडे एक नवा उभा राहिला. पश्चिमेत पाच, पूर्वेत तीन. पश्चिमेतल्या एकाला पूर्वेत यावं लागणार होतं. कुणाला आणायचं याची शिफारस ऑड्राने करायची आणि नोव्हेंबरच्या बैठकीत सगळ्यांनी मत द्यायचं, असं डोरिसबाईंनी ठरवलं. खरी निवड दोघांतच होती, टॅमरॅक आणि कॉर्विन. टॅमरॅकहून पाइन हार्बर तीन तास. कॉर्विनहून साडेसहा.

टॅमरॅकचे मालक हॅल्व्हरसन यांना दुबळा गट सोडायचा नव्हता. त्यांनी तिला फोन करून गोडीगुलाबीने सांगितलं की कॉर्विनला हलव, ते लहान लोक आहेत, कुरकुर करणार नाहीत. बाकीचे मालकही हॅल्व्हरसनना दुखवायला तयार नव्हते. कॉर्विनचं नाव लिहिलं तर कुणी बोट ठेवलं नसतं.

आणि एका गटातले संघ एकमेकांच्या गावात उन्हाळ्यातून बारा दिवस खेळतात. तिनाचे बारा.

ऑड्राने कॉर्विन लिहिलं. खाली चार कारणं दिली, चारही सुबक. मग सवयीने तिने तो कागद तपासायला घेतला, विद्यार्थ्यांचे पेपर तपासावेत तसा. काही मुलं उत्तर शेजारच्याचं बघून लिहितात आणि मग त्याला जुळेल अशी रीत वर रचतात. असा पेपर तिला लांबूनही ओळखू यायचा. हा तसाच होता. कॉर्विन पूर्वेत आलं तर आठवड्याआड रात्रभर बसप्रवास, तळ्याकाठच्या तगड्या संघांकडून मार, आणि जूनमध्येच खेळ खलास. अकराशे माणसांचा ऑगस्ट ती आपल्या नऊ दिवसांसाठी घेऊन टाकत होती. तिला रडू आलं. रडून झाल्यावर तिने कोरा कागद घेतला आणि टॅमरॅक लिहिलं. कारण एकच दिलं, रस्ता.

बैठक दोन्ही गटांच्या मधोमध असलेल्या एका गावातल्या हॉटेलात होती. सकाळचे दहा, बाहेर बर्फ, आत कॉफी आणि डोनट. कॉर्विनच्या मालकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांच्या जागी मत द्यायला रुबेन आला होता. ऑड्राला हे ठाऊक नव्हतं. तिने त्याला आजवर कधी कोटात पाहिलं नव्हतं. तो दाराशी उभा राहून बुटांवरचा बर्फ झटकत होता, आणि तिला आपला कागद वाचता येईल की नाही याचीच शंका आली.

तिने वाचला. टॅमरॅक पूर्वेत यावं.

हॅल्व्हरसननी चष्मा काढला.

"कॉर्विन वाचलं म्हणायचं," ते सावकाश म्हणाले. "पोरी, या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे तू रेडिओवाल्याशी फोनवर किती वेळ बोलतेस. चार जुलै कुणाला दिलास तेही आम्ही पाहिलंय. त्याच्या गावाला झुकतं माप दिलंस, एवढं कबूल कर आणि बस."

सगळ्यांनी कॉफीच्या पेल्यात बघितलं. ऑड्राच्या कानांच्या पाळ्या तापल्या. रुबेनकडे बघायचं तिने टाळलं.

"चार जुलै माझ्याकडून चुकीचा गेला," ती म्हणाली. "तो मी पुढच्या वर्षी बदलीन. पण हे मोजून बघा. टॅमरॅक इकडे आलं तर रुबेन आमच्या गावात वर्षातून तीन दिवस येणार. कॉर्विन आलं असतं तर बारा दिवस. मला झुकतं माप द्यायचं असतं तर मी… मी कॉर्विन लिहिलं असतं. एकदा लिहिलंही होतं. मला ते बारा दिवस हवे होते."

डोरिसबाईंनी डोनट खाली ठेवला.

"मतदान," त्या म्हणाल्या.

रुबेनने हात वर केला, पण मतासाठी नाही.

"कॉर्विनचं मत मोजू नका," तो म्हणाला. त्याचा तो रेडिओवरचा आवाज पार बसला होता. "मालक मला कच्चा खातील. पण या बाईंच्या कागदावर मी हात वर केला तर उन्हाळाभर लोक म्हणतील की कागद वाकडा होता. तो वाकडा नाही. वाकडा मी आहे."

कॉर्विन सोडून सात मतं राहिली. चार विरुद्ध तीन, टॅमरॅक पूर्वेत गेलं. हॅल्व्हरसन कोट घालून निघाले, आणि जाताना त्यांनी रुबेनच्या खांद्यावर जरा जास्तच जोरात हात मारला.

बाहेर आवारात ऑड्राच्या गाडीच्या काचेवर बर्फ साचला होता. रुबेन येऊन न विचारता तो खरवडू लागला. अर्धी काच मोकळी झाली.

"ऑक्टोबरपासून रोज फोन उचलतो," शेवटी तो म्हणाला, काचेकडे बघत. "निकालच नसतात विचारायला. मग परत ठेवतो."

"मी पेपरात आकडेवारीतल्या चुका शोधते," ऑड्रा म्हणाली. "एखादी सापडली तर तुला कळवता येईल म्हणून."

तो थांबला. "सापडली?"

"नाही रे. यंदा सगळं बरोबर छापलंय."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "ऑड्रा, तू आमच्यासाठी नऊ दिवस सोडलेस."

"तुमचे होते ते. मी सोडणारी कोण."

"आणि आपलं काय?"

तिने हातमोजा काढला आणि त्याच्या गारठलेल्या बोटांभोवती आपला हात धरला. हे इतकं सोपं असेल असं दोन उन्हाळ्यांत तिच्या मनातही आलं नव्हतं.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "आधी ते घे. बाकीचं नंतर बघू."

रुबेनने मान हलवली. मग पुन्हा हलवली, पहिली पुरेशी नव्हती म्हणून. आपल्यालाही ती आवडते हे त्याने तीनदा सांगितलं, दोनदा इंग्रजीत आणि एकदा आईच्या स्पॅनिशमध्ये. बर्फ पुन्हा पडू लागला होता आणि काच परत पांढरी होत होती.

"ऑक्टोबर ते मे," तो हळूच म्हणाला. "आठ महिने. तेव्हा कुठलाच गट नसतो, नाही का? पूर्व नाही, पश्चिम नाही."

"साडेसहा तासांचा रस्ता मात्र असतो."

"मग त्या आठ महिन्यांचं वेळापत्रक करून टाक. तूच करतेस ना ही कामं."

"नको." ऑड्राने त्याचा हात सोडला नाही. "या वेळी तू कर."

"माझ्याकडून न्यायाने होणार नाही ते. आत्ताच सांगून ठेवतो. सगळ्या सुट्ट्या मी मलाच देणार."

"नकोच आहे न्यायाने," ऑड्रा म्हणाली.