दारातली मैना

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं म्हणावं. मी तिथे होते. डोळ्यांसमोर घडलं म्हणून सांगते.

२००६ चा ऑगस्ट. इगतपुरीपासून आत, डोंगराला लागून माझ्या मावशीचं गाव आहे. नाव सांगत नाही. तिथे अजून माणसं राहतात.

कुसाबाई माझी सख्खी मावशी. तिचे यजमान सावळीराम काका, आणि मुलगी मैना. मैना तेव्हा पहिलीत होती. लग्नानंतर खूप वर्षांनी झालेली, नवसाची पोर. काका शेतावरून आले की आधी तिला खांद्यावर घ्यायचे, मग पाय धुवायचे.

भाताची आवणी लांबली होती, म्हणून आईने मला नाशिकहून मदतीला पाठवलं. मी पोचले आणि पावसाने जे धरलं, ते सोडलंच नाही. आठवडाभर ऊन नाही. भिंतींना ओल चढलेली. चुलीत लाकूड पेटेना.

मग एका दुपारी निरोप आला. वरच्या धरणाचं पाणी सोडणार होते. ओढ्याकाठच्या सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेत जायचं होतं.

मावशीने मैनाला कडेवर घेतलं, मी गाठोडं उचललं. काका म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी बैल सोडून मागच्या डोंगराने वर चढतो.

आम्ही शाळेत पोचलो. तिथेही मावशीने मैनाला खाली ठेवलं नाही.

थोड्याच वेळात आमची वाट पाण्याखाली गेली. ओढ्यापलीकडे काकांचं घर दिसत होतं. अंगणात पाणी शिरलं होतं, पण काका बैल घेऊन डोंगराच्या चढाला लागले होते. पाण्यापासून लांब. मावशीने तिकडे बघत हात जोडले.

आणि तेवढ्यात...

"आबा..."

पाण्याचा आवाज असा की शेजारच्या माणसाचं बोलणं कळत नव्हतं. पण ही हाक स्वच्छ ऐकू आली.

घराकडून आली होती.

आवाज मैनाचा होता. ती काकांना आबा म्हणायची.

मी वळून पाहिलं. मैना मावशीच्या कडेवरच होती. तिचं तोंड मिटलेलं होतं.

"आबा... मला न्या ना..."

मैना आईच्या गळ्याला घट्ट बिलगली. मी अगदी खेटून उभी होते, म्हणून तिचं बोलणं ऐकू आलं.

"आई, ती कोण हाय?"

पलीकडे काका थांबले होते. घराकडे बघत होते.

मावशीने मैनाला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं. "आवो, पोर हितं हाय! हितं हाय!"

तिचा आवाज तिकडे पोचणं शक्य नव्हतं. पण काकांनी मान वळवली. आमच्याकडे पाहिलं. मैनाकडे पाहिलं. हात वर करून हलवला.

मला वाटलं, सुटले.

मग घराच्या दारात...

एक मुलगी उभी होती. मैनाएवढी. कमरेपर्यंत पाण्यात. मैनाचाच फ्रॉक अंगात. चेहरा मला दिसला नाही. काकांना दिसला असावा.

काकांनी आमच्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. पुन्हा आमच्याकडे.

मग हातातला कासरा टाकला आणि घराकडे धावत सुटले.

ते दारातून आत गेले. मातीची भिंत बसली. पुढच्या लोंढ्यात तिथे घर होतं हेही कळेना.

मावशीचे हात तसेच वर होते. मैना त्या हातांत होती. तिने सगळं पाहिलं.

पाणी ओसरल्यावर काका खालच्या बांधाला सापडले. बहिरू म्हणून शेजारी होते, त्यांनी वर काढलं. काकांचे दोन्ही हात छातीशी आवळलेले... एखादं लेकरू घट्ट धरावं तसे. मिठीत काही नव्हतं. हात काही केल्या सुटेनात. तसंच जाळावं लागलं.

गावातलं एकही मूल हरवलं नव्हतं.

त्यानंतर मावशीने मैनाला जवळ घेतलं नाही. ताटात वाढायची, पण लांबून. पोर झोपायला आली की उठून दुसरीकडे जायची. शेवटी आईने मैनाला आमच्याकडे नाशिकला आणलं. निघताना मैना मावशीच्या पायांना धरून रडत होती. मावशीने लुगडं सोडवून घेतलं.

मी तिला बाजूला नेऊन खूप बोलले. तूच तिला कडेवरून आणलीस ना, म्हटलं.

ती शांतपणे म्हणाली, "साधना, बापानं दोन्ही पोरी बघितल्या. मंग तो तिकडं गेला. बाप पोर वळखत नाय व्हय?"

मैना आता कळवणला असते. लग्न झालं, संसार आहे. मावशी लग्नाला आली नाही.

मागच्या पावसाळ्यात मैना माहेरपणाला आली होती. भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "ताई, त्या दिवशी आबांनी मला पाहिलं होतं का गं?"

मी म्हटलं, नाही. एवढा पाऊस होता, कुठून दिसणार?

ती भाजी निवडत राहिली.

त्यांनी तिला पाहिलं होतं. नीट पाहिलं होतं.