डायरेक्टर शकुनबाई

“सही कर ना वहिनी, नावापुरताच तं कागद हाय!”

शकुनबाईंनी कागदाकडे पाहिलं. समोर बसला होता योगेंद्र, त्यांचा धाकटा दीर... दीर कसला, पोटच्या पोरासारखं वाढवलेलं लेकरूच! नवरा गेला तेव्हा हा चौथीत होता. त्याच्यासाठी त्या माउलीने दुसरा संसार मांडला नाही, लोकांच्या धानाच्या बांध्यांत रोवणी करकरून त्याला इंजिनिअर केलं. आणि त्याने कंपनी काढली तेव्हा दोन डायरेक्टर लागतात म्हणून पहिलं नाव वहिनीचं घातलं, तर केवढा अभिमान वाटला होता त्यांना!

आणि आता हा कागद... आंबागडजवळच्या नाल्यावरच्या पुलाचं सारं काम डायरेक्टर शकुनबाईच पाहत होत्या, असं त्यात लिहिलं होतं. परवा त्याच पुलाचा स्लॅब कोसळला होता, आणि कामावरचा घनश्याम मिस्त्री त्याखाली दबून मेला होता.

“वकील म्हणते, कंपनी लिमिटेड असली तरी ज्याच्या हुकमानं काम झालं त्या डायरेक्टरवर केस होते,” योगेंद्र मान खाली घालून म्हणाला. “तुले बाईमाणूस म्हणून लवकर जमानत भेटन. रीताले आठवा महिना लागला, वहिनी... मी आत गेलो तं तिचं कसं होईन?”

हाय रे दैवा! बायकोची काळजी करताना वहिनीचा विचारही या लेकराच्या मनाला शिवू नये? शकुनबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. पेन घेऊन त्या एकेक अक्षर कोरू लागल्या... चौथीतल्या योगेंद्रनेच चुलीपुढे कोळशाने त्यांना ही अक्षरं शिकवली होती, हात धरधरून!

योगेंद्रचा चेहरा पांढरा पडला. “वहिनी... वाचलं नाही का तू?”

“वाचलं. तूच तं शिकवलं वाचाले.”

“मंग सही काहून केली?”

“घनश्याम मले विचाराले आला होता, बाबू!” त्यांचा बांध फुटला. “मी त्या दिवशी पुलावर मजुरांचा भात घेऊन गेली होती. म्हणे, बाई, स्लॅबले सहाच दिवस झाले, अजून कच्चा हाय, अन् साहेब खालचे टेकू, सेंट्रिंग खोल म्हणते, बपेऱ्याच्या दुसऱ्या कामावर त्याच प्लेटा पाठवाच्या हायेत म्हणून. तुमी डायरेक्टर हा, तुमी थांब म्हटलं तं मी थांबतो... अन् मी हासली रे! म्हटलं, मी कायची डायरेक्टर, साहेब सांगते तसं कर!”

एकाएकी योगेंद्रने तो कागद टराटरा फाडला आणि त्यांच्या पायांवर कोसळला. “हुकूम माहा होता, वहिनी! तुले पुढं करून मी लपून राहिलो होतो... मले माफ कर!”

किती वर्षांनी ते डोकं त्यांच्या मांडीवर आलं होतं! केसांतून हात फिरवत त्या रडल्या, आणि मग पदराने त्याचे डोळे पुसून उठल्या. “रीताच्या मायले बोलावून घे. अन् चाल ठाण्यात. तुहं तू सांग, माहं मी सांगन.”

दुपारी योगेंद्र ठाण्यात आत जबाब देत होता. बाहेर व्हरांड्यात घनश्यामची बायको मंदाबाई लेकीला, टीनाला, घेऊन पंचनाम्याच्या कागदांसाठी बसली होती. शकुनबाई तिच्याजवळ फरशीवर बसल्या.

“बाई,” मंदाबाईने विचारलं, “त्या दिवशी घरून निघताना ते म्हणत होते, डायरेक्टर बाईले सांगून पाहतो म्हणून. त्यायनं सांगतलं होतं का तुमाले?”

“सांगतलं होतं,” शकुनबाई म्हणाल्या.

“मंग?”

आतून शिपायाने नाव पुकारलं, “डायरेक्टर शकुनबाई!” त्या उठल्या नाहीत. आधी मंदाबाईला उत्तर द्यायचं होतं.