बंदुकीचा धनी

ही गोष्ट रात्रीची नाही. नागपूरकडे भीतीला रात्रीची गरजही लागत नाही. मे महिन्यात दुपारी इंदोऱ्याच्या गल्लीत उभं राहून बघावं. कुत्रं नालीच्या ओलीत पोट टेकून पडलेलं, दारं लोटलेली, आणि रस्ता असा निपचित, की आपल्याच चपलांचा आवाज कुणा दुसऱ्याचा वाटावा. अशाच एका दुपारी गोपिका नवऱ्याबरोबर ट्रकमध्ये चढली. काम साधं होतं. सासऱ्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून यायची.

सासऱ्याला तिनं पाहिलेलं नव्हतं. ती कुहीहून लग्न होऊन आली उन्हाळा लागता लागता, आणि बळीराम हवालदार गेले त्याआधीच, थंडीत, छातीत कफ होऊन. भिंतीवर फोटो होता तेवढाच. फौजेतला, भरघोस मिशांचा. फौजेतून सुटल्यावर त्यांनी एक जुना ट्रक घेतला, आणि देवलापारच्या जंगलात गाड्या लुटल्या जात म्हणून एक बंदूक, रीतसर लायसन काढून. लहानू, त्यांचा एकुलता मुलगा, गाडी चालवी. बाबा खिडकीशी बसत, गुडघ्यांत बंदूक धरून. माल भरलेला असला की वर पोत्यांवर. गाडी थांबवायची तर टपावर एक थाप, सोडायची तर दोन. लहानू म्हणे, "मी कायचा ड्रायव्हर? गाडी बाबाच चालवत. मी फक्त स्टेरिंग फिरवत होतो."

बाबा गेले आणि बंदूक सीटमागे फौजी कांबळ्यात गुंडाळलेली तशीच राहिली. तिच्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नसे. काढलं ते गोपिकाच्या भावानं, आनंदरावानं. तो कोर्टात कारकून. आंबे घेऊन बहिणीला भेटायला आला आणि जाता जाता घरात बॉम्ब ठेवून गेला.

"जावाई, लायसन माणसाचं असते, बंदुकीचं नाही. माणूस गेला, लायसन गेलं. धनी स्वतः बाजूले बसला असन, तर पोराच्या हाती एकवेळ चालून जाते. धनीच नसन, तर मग सरकारी पाहुणचार. आणि गाडी ठाण्याच्या आवारात सडते ते वेगळंच."

लहानू हसला. "चार महिने झाले, कोणं पाह्यलं?"

"पाह्यल्यावर मले सांगाले कुठून याल? जेलातून?"

त्या दिवसापासून गोपिकाचा जीव त्या कांबळ्यात गुंडाळला गेला. ट्रक होता म्हणून घरात चूल होती. ट्रक गेला, नवरा गेला, तर उरणार काय? एक फोटो आणि दोन बायका. ती फार बोलणारी नव्हती. पण रोज ताटात भाजीबरोबर एकच वाक्य वाढायची, "अहो, तेवढं जमा करून या ना." आठवडाभरात लहानू भाजीलाच भिऊ लागला.

नागपुरात जमा करायची त्याची छाती होईना. चार महिने कुठं होता, असं विचारलं तर? मनसरच्या पुढच्या ठाण्यात बाबांच्या ओळखीचे एक जमादार होते. ते सांभाळून घेतील. तिकडूनच तेंदूपानाची पोती कामठीला आणायची होती. क्लीनर गावी लग्नाला गेलेला.

"गोपिके, तू बी जाय सोबत," सासू म्हणाली. रंभाबाई मोजकंच बोलत. "बाई गाडीत दिसली का पोलीस लय धुंडत नाहीत."

म्हणजे या सफरीत आपण बायको नसून ताडपत्री आहोत, हे गोपिकाला कळलं. तिनं मुकाट्यानं पिशवी भरली. लू लागू नये म्हणून सासूनं पिशवीत कांदे टाकले. तीन.

"आम्ही तर दोघंच..."

"असू दे वं."

तिसरा कांदा टाकताना सासूनं फोटोकडे पाहायचं टाळलं, हे मात्र गोपिकानं पाहिलं. पण विचारायचं काय? या घरात भुतंखेतं मानत नसत. सासऱ्यांनी छप्पनला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच अंगात येणं, उतारे, पिंडाचा भात, सगळं मागे टाकलं होतं. म्हणून पुढे जे झालं, त्याला या घरात शब्दच नव्हता.

केबिनमध्ये चढताना लहानू म्हणाला, "मधात बस. खिडकीकडची स्प्रिंग तुटली आहे."

गोपिकानं हातानं दाबून पाहिलं. स्प्रिंग शाबूत होती. ती मध्ये बसली आणि तिसरा कांदा तिनं त्या रिकाम्या जागेवर ठेवला. सासूचा शब्द मोडला नाही एवढंच.

कामठी गेलं. कन्हानचा पूल गेला, खाली नदीच्या जागी नुसती पांढरी वाळू. वारा असा, की कुणी तोंडासमोर भट्टीचं दार उघडून धरलंय. उजव्या बाजूनं इंजिनची धग अंगावर येत होती, डाव्या दंडाला मात्र गार लागत होतं. भरलेल्या माठाशेजारी बसावं तसं. आधी तिनं त्याचं सुखच मानलं. मग वास आला, खोबरेल आणि घासलेट यांचा मिळून.

"कसला वास येऊन राहिला?"

"बंदुकीचा," लहानू म्हणाला. "बाबा तिले तेल-घासलेटानं पुसत. दर रविवारी."

"आणि आता कोण पुसते?"

लहानूनं गिअर बदलला.

पूल ओलांडून थोडं पुढे पोलिसांचा नाका लागला. परवाच कुणाचा तरी ट्रक लुटला गेला होता म्हणून तपासणी चालू होती. एक हवालदार ओला पंचा डोक्यावर टाकून आला, लहानूच्या बाजूचं दार उघडलं, आणि ताडपत्रीचा काही उपयोग झाला नाही. त्यानं सरळ सीटमागे हात घातला. कांबळं सरकलं. लाकडी दस्ता दिसला.

"काय गा हे?"

लहानूच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं डॅशबोर्डातून लायसन काढलं. गोपिकाच्या कानात भावाचे शब्द घुमू लागले. सरकारी पाहुणचार. ठाण्याचं आवार.

"बळीराम... हे कोण?"

"वडील माझे."

हवालदारानं लायसनवरचा फोटो पाहिला. मग वाकून गोपिकाच्या पलीकडे पाहिलं, खिडकीच्या जागेकडे. पुन्हा फोटो पाहिला. त्याचा चेहरा सैल झाला.

"काय बाबा, फौजेतले ना तुमी? कायदा मी तुमाले सांगावा का? बंदूक अशी पोराच्या मागं टाकू नका. तुमच्याजवळ ठेवा."

कुणी काही बोललं नाही. हवालदार मात्र थोडा थांबला, ऐकत असल्यासारखा. मग हसला.

"बरोबर आहे म्हणा. पण या उन्हात कानटोपी कायले घातली? थंडी वाजून राहिली का?" त्यानं लायसन लहानूच्या हातात दिलं. "जा गा. बाबांले सावलीत बसव."

भीती नंतर आली. आधी गोपिकाचा हात डोक्याकडे गेला आणि पदर पुढे ओढून घेतला. सासऱ्यापुढे सुनेनं घ्यावा तसा.

गाडी बरीच पुढे गेली. शेवटी लहानू म्हणाला, समोर बघत, अगदी हळू, "कानटोपी... शेवटचं नेताना मायनं घातली होती त्याहिले. तपकिरी. फोटोत नाही ती. लायसनवर बी नाही..."

"मंग त्याले कशी दिसली?"

"मले काय विचारतं..."

डाव्या दंडावरचा गारवा तसाच होता. गोपिकानं तिकडे पाहिलं नाही. कांदा तेवढा दिसत होता डोळ्याच्या कोपऱ्यातून. ट्रक खड्ड्यात आदळला, तिची पिशवी उडाली, तिचे पाय उडाले. कांदा हलला नाही.

आणि इथे लहानूनं तिला खरं भ्यायला लावलं. त्यानं गाडीचा वेग कमी केला आणि म्हणाला, "मंग जमा कायले करावं? धनी बाजूले असला का चालते, तुह्याच भावानं सांगितलं ना? बाबा आहेत ना सोबत." त्याच्या आवाजात चार महिन्यांत पहिल्यांदाच आनंद होता.

गोपिकाला वाटलं, हा आता कुणाचंच ऐकणार नाही. माणूस जेलला भितो, बापाला भीत नाही.

"आज दिसले," ती म्हणाली. "एखाद दिवशी नाही दिसले तर? तवा हवालदाराले सांगसान का, की बाबा आहेत, तुमालेच दिसून नाही राहिले?"

लहानू वेग वाढवेना. तेव्हा तिनं ते केलं, जे तिनं कधी जिवंत सासऱ्यापुढेही केलं नसतं. पदर धरून रिकाम्या जागेकडे मान वळवली.

"मामाजी, पोरगा अंदर गेला तर घर बसन. तुमी सांगा त्याहिले."

गाडीत नुसता इंजिनचा आवाज. मग टपावर दोन थापा पडल्या. वारा असेल, झाडाची फांदी असेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं होती, उघडी, झाड नावाला नाही. लहानूचे डोळे भरून आले आणि त्यानं गाडी ठाण्याकडे सोडली.

ठाण्यातले जमादार आधी रागावले, मग बळीराम गेल्याचं ऐकून खुर्चीत मागे टेकले. "गेला? मले तर कोणं सांगितलंच नाही गा... लय खरा माणूस." त्यांनी उशिराबद्दल दोन शब्द सुनावले, पावती लिहून दिली. बंदूक आतल्या खोलीत ठेवली. गोपिकानं स्वतःच्या डोळ्यांनी कुलूप लागलेलं पाहिलं. लागल्यावर त्यांच्या शिपायानं ते ओढूनही बघितलं.

पुढे तेंदूपानाची पोती भरली, गाडी गच्च झाली, आणि निघताना गोपिका बेधडक खिडकीशी बसली. सीट तव्यासारखी तापली होती. चटका बसला तशी ती हसली. कांदा उचलून पाहिला, तोही गरम. गारवा नाही, वास नाही. तिनं पदर खांद्यावर टाकला आणि वारा तोंडावर घेतला. लहानू थोडा उदास होता, पण शिट्टी वाजवत होता. बाप दुसऱ्यांदा पोचवून आलेला माणूस, एवढं चालायचंच.

ऊन कलायला आलं होतं. नाक्यावर तोच हवालदार. त्यानं हात केला, गाडी थांबली. या वेळी तो गोपिकाच्या बाजूला आला.

"काय वं बाई, खिडकी तू घेतली आणि म्हाताऱ्याले वर बसवलं?" तो मान वर करून पोत्यांकडे बघत होता, डोळ्यांवर हाताची सावली धरून. "पडन नं एखाद्या दिवशी."

गोपिकानं मान आत घेतली.

"आणि ते बंदूक," हवालदार आवाज खाली आणत म्हणाला, "अशी मांडीवर उघडी कायले घेऊन बसले? झाकाले सांगा. मी सोडून राहिलो. पुढं कन्हानच्या पुलावर आज नवा साहेब आला आहे. तो सोडणार नाही."

लहानूचा हात खिशाकडे गेला. पावती होती खिशात, ठाण्याच्या शिक्क्याची. ती दाखवून सांगायचं काय, आणि कोणत्या बंदुकीबद्दल?

हवालदार बाजूला झाला. घासलेट आणि खोबरेलाचा वास हळूहळू वरून खाली उतरला. आणि टपावर, त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर, सावकाश थाप पडली. मग दुसरी.

लहानूनं गाडी सोडली. आयुष्यभर तो त्याच हुकमावर गाडी सोडत आला होता.

समोर पूल दिसू लागला. पुलाच्या तोंडाशी खाकी कपड्यातलं कुणी तरी रस्त्याच्या मधोमध येऊन उभं राहत होतं. गोपिकानं पदर डोक्यावरून नीट घेतला.