चरातला सूर

शुक्रवार म्हणजे नारपोलीत कापड विणणाऱ्या लूमची सुट्टी. खटखट बंद, करंट बंद. हिरामणने मुद्दाम तोच वार धरला होता. जमिनीखालचं पाणी शोधायचं त्याचं काम आणि त्याच्या यंत्राला चालू तारांचं भारी वावडं. साल शहात्तर. थोरला भाऊ लडकू, त्याच्या लूमशेडमागच्या शेतात विहिरीची जागा ठरवायची, दुपारी बहिणीच्या हातची भाकर खायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत. एवढंच काम.

रीत अशी. बांधाजवळ तारेचं मोठं वेटोळं अंथरायचं, बॅटरीवरून त्यात एक बारीक सूर सोडायचा. मग कानाला हेडफोन लावून, हातातली कॉइल तिरकी करत शेत चालायचं. जेवढ्या तिरकेपणाला सूर मरतो तो कोन वहीत लिहायचा. त्यावरून पाणी कळतं. पण मातीत तार किंवा पाइप पुरलेला असला की सूर धड मरत नाही, कोन खोटं बोलतो. मग त्या लोखंडाचा वाटा वजा करून कोन दुरुस्त करावा लागतो. म्हणून हिरामण आधी मालकाच्या मुठीत त्याच्याच शेताची माती द्यायचा आणि विचारायचा. परक्याला तीनदा विचारायचा. सख्ख्या भावाला एकदाच विचारलं, आणि तिथंच फसला बिचारा.

"दादा, जमिनीत काय पुरलंय का? तार, पाइप, काय बी?"

"काय न्हाय," लडकू माती चुरत म्हणाला. "आईची आन."

शेतालगतच्या घराच्या पडवीत कमळ तांदूळ निवडत बसली होती. दोघांची धाकटी बहीण, तिशी ओलांडलेली. सात वर्षांपूर्वी तिची हळद होती, आणि आदल्या रात्री नवरा मुलगा पळाला. अनंता. लडकूच्याच शेडमधला कारागीर, हिरामणचा जिवलग. सुरतेला गेला म्हणून लडकूनेच येऊन सांगितलं होतं. हिरामणने त्या दिवसापासून त्याच्या नावाने बोटं मोडली. कमळने मात्र पुढं आलेली तीन स्थळं परत पाठवली.

ऊन चढलं. सुताला लावायच्या सायझिंगच्या खळीचा आंबूस वास सगळीकडे साचला होता. वीस पावलांवर सूर बिघडला. कॉइल कशीही फिरवा, मरेना. पुढं तेच, त्याच्यापुढं तेच... विजेच्या खांबापासून शेडपर्यंत अगदी दोरी धरल्यासारखं.

"दादा," हिरामण हेडफोन काढत म्हणाला, "पाण्याला सरळ रेघ मारता येत न्हाय. ही तार हाय."

लडकूचं तोंड उतरलं. "चोरीची लाइन हाय रे... जुनी. आता कुठं बोभाटा करतोस?"

आईची आन खाऊन! हिरामणला ते फार लागलं. त्याने कुदळ घेतली, मातीतून तार उपसली, वेटोळं करून लांब बांधावर टाकली. आता सूर स्वच्छ व्हायला हवा होता.

झाला. सगळीकडे झाला. फक्त मधोमध, दोन हातांच्या जागेत, मरेना. आणि सुराच्या आतून काहीतरी ऐकू येत होतं. ठक... जरा थांबून... ठक. कुणी दमेकरी माणूस कुदळ मारतोय तसं.

"ऐक."

लडकूने हेडफोन कानाला लावला मात्र, लगेच ओरबाडून काढला.

"त्योच... त्योच रं..."

"कोण?"

"अनंता... ह्या तारेचा चर त्यानंच खणला व्हता. मी म्हटलं, मेन बंद हाय, घाल हात... बंद नव्हता, हिरामण. रातपाळी चालू होती. लूम थांबवायला जीव झाला न्हाय माझा... पोलीस आले असते तर लाइन सापडली असती. म्हणून हितंच..."

"आणि सुरत?"

लडकूने तोंड फिरवलं.

"सात वर्षं मी मेल्या दोस्ताला शिव्या घातल्या, दादा. तुझ्या तोंडावर विश्वास ठेवून! ती पोर घरात झिजली. तिच्या हातची भाकर तुझ्या घशाखाली उतरली कशी रे?"

त्याने लडकूच्या हातात कुदळ कोंबली. लडकू रडत खणू लागला. कमरेइतकं झालं, छातीइतकं झालं. मुरूम लागला. हाड नाही, चिंधी नाही, काही नाही.

"हितंच..." लडकू मातीत हात घालघालून शोधत होता. "या हातांनी ठेवला व्हता... हितंच..."

हिरामणने हेडफोन लावला. चरावर सूर आता पहिल्या झटक्यात मेला. ठकठक नव्हती. तो दोन पावलं घराकडे सरकला, आणि तिथं सूर मरेना. आणखी दोन पावलं. तिथंही. मघाशी याच वाटेने तो गेला होता. वहीत कोन स्वच्छ लिहिलेले होते. भावाला चरातच सोडून तो चालत राहिला, आणि तो न मरणारा सूर त्याच्या बरोबरीने पडवीपर्यंत आला.

कमळने मान वर केली. हिरामणच्या खांद्यामागे बघितलं. सूप हळूच खाली ठेवलं. भावांपुढं कधी डोकं न झाकणाऱ्या त्या पोरीने पदर पुढं ओढून घेतला.

"भाऊ, घोंगडी टाक त्यांना बसायला," ती खालमानेने म्हणाली. "मी पाय धुवायला पाणी आणते. अगं बाई, केवढी माती लागलीय पायांना!"

हिरामणच्या पायात बूट होते.