परिचयातली शेवटची ओळ

दिवा राहू द्या. अंधारात सांगितली तर रात्री पाणी प्यायला एकटे उठणार नाही तुम्ही, आणि उद्या तुमची आई माझ्यावर तोंड टाकेल. ऐकीव नाही हं ही. माझ्या दोस्ताची आहे, आणि शेवट मी स्वतः बघितलाय.

मी छापखान्यात पुस्तकांची बांधणी करायचो, तेव्हापासूनचा हा दोस्त. मुद्रितं तपासायचा. म्हणजे पुस्तक छापण्याआधी कच्च्या पानांवरच्या चुका लाल पेनाने काढायच्या. सगळे त्याला शंकासुर म्हणायचे. चहा ओतायच्या आधी रिकामा कप उलटा करून बघणारा माणूस. पन्नाशीला आला तरी लग्न नाही. तिथंही शंका आडवी आली असणार.

गेल्या वर्षी त्याच्याकडे एक कादंबरी आली. भुताची, पण प्रेमाची. एका बाईचा नवरा मरतो आणि परत येतो. अट एकच. तो गेला, असं घरात कुणी म्हणायचं नाही. जोवर म्हणत नाही, तोवर तो राहतो. लिहिणारी बाई दवाखान्यात औषधं द्यायच्या खिडकीवर बसायची. पहिलंच पुस्तक. पानं तपासायच्या निमित्ताने आमचे शंकासुर चार-पाच वेळा तिच्या घरी जाऊन आले आणि पार विरघळले. नवे शर्ट शिवले गड्याने. मी विचारलं, तर म्हणाला, "पुस्तक निघालं की विचारणार आहे तिला."

पण स्वभाव जातो कुठं? दवाखान्यात जाऊन गुपचूप चौकशी केली. कळलं, नवरा चार वर्षांपूर्वी गेला, नदीत बुडून. याला बरंच वाटलं. मला त्याचा रागच आला, खरं सांगतो. ज्या माणसावर जीव जडलाय, त्याची अशी चौकशी करतात का?

तर, मंगळवार, सतरा तारीख. ना वादळ, ना काही. संध्याकाळी प्रकाशकाने सांगितलं, मागच्या पानावरचा लेखिकेचा परिचय राहिलाय, बाई फोन उचलत नाहीत, आजच घेऊन या. हा आठ वाजून दहा मिनिटांनी तिच्या दारात. तिसरा मजला. दाराबाहेर पुरुषाचे बूट होते. मोठे. आणि ओले. आठवडाभर पाऊस नव्हता.

झालं. याच्या मनात पाल चुकचुकली.

बाईंनी दार उघडलं. खुर्ची दिली. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. बाई नेहमीच्या मोकळ्या, पण त्या दिवशी हळू बोलत होत्या. हा कागद काढून लिहायला बसला. त्या सांगत गेल्या. शिक्षण अमुक, दवाखान्यात अकरा वर्षं नोकरी, ही पहिली कादंबरी. मग आवाज आणखी खाली आणला.

"शेवटी लिहा, सध्या पतीसोबत राहतात."

याने लिहिलं. हाताने लिहिलं, मनाने नाही. तेवढ्यात आत कुणीतरी खोकलं.

याला वाटलं, आत दुसरा कुणी आहे आणि ही आपल्याला सभ्यपणे वाटेला लावतेय. मत्सर वाईट रे. माणूस तत्त्वाच्या गोष्टी करायला लागतो.

"बाई, खोटं छापता येत नाही," हा म्हणाला.

"हळू बोला..."

"मी चौकशी केलीय. तुमचे पती चार वर्षांपूर्वी—"

"नका म्हणू. हात जोडते."

"—वारले."

आणि लाल पेनाने ती ओळ खोडली. डावीकडून उजवीकडे. सरळ.

आतला खोकला थांबला.

खाट करकरली. पावलं आली. ओल्या पायांची. फरशीवर चप... चप... दारापाशी येऊन थांबली. दार हललं नाही. बाईंनी दाराकडे बघितलं, मग याच्याकडे. त्यांचे डोळे भरले होते.

"काय केलंत हे..." एवढंच म्हणाल्या. मग, "जा तुम्ही."

हा उतरला. तीन मजले. एक पायरी याची... एक मागच्याची. हा थांबला की मागची पावलंही थांबत. रस्त्यावर आला, मग काही नाही.

घरी येऊन शर्ट काढला. छातीवर लाल रेघ. डावीकडून उजवीकडे, पट्टी लावून ओढल्यासारखी. शर्टाला डाग नाही. साबणाने घासली, दगडाने घासली. जाईना.

दुसऱ्या दिवशी दम लागायला लागला. तिसऱ्या दिवशी उठवेना. मला बोलावलं. डॉक्टर येऊन गेले; त्यांना काहीच सापडलं नाही. मी म्हटलं, "अरे, ती ओळ परत घाल."

"खोटी आहे ती."

"आणि तू मेलास तर?"

तो मग भिंतीकडे तोंड करून रडला. "तिला विचारायचं होतं रे मला. माझीच घाई नडली."

मी बाहेर जाऊन बाईंना फोन लावला. उचलला. सगळं सांगितलं. पलीकडून नुसता श्वास... एक नाही, दोन.

मग म्हणाल्या, "ओळ छापा. मी इथेच राहते, असं यांना सांगितलंय मी. आणि तुमच्या मित्राला म्हणावं, परत येऊ नका." मग अगदी हळू, "मला ते आवडत होते हो. हे नका सांगू."

मी लगेच प्रकाशकाला कळवलं. ओळ छापली गेली. आवडत होते, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही कुठे बोलू नका.

त्या रात्री मी त्याच्याकडेच झोपलो. कडी मीच आतून लावली, दाराला खुर्ची टेकवली. पहाटे जाग आली तर गडी उठून बसलेला. दम नाही, काही नाही. चहा मागितला. कप उलटा न करता प्यायला.

मी दिवा लावून त्याची छाती बघितली.

रेघ तशीच होती. पण तिच्या खाली ठिपके होते. निळे. एका ओळीत, सारख्या अंतरावर.

तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्या कामात चुकून काही खोडलं गेलं, की त्याच्याखाली असे ठिपके देतात. म्हणजे हे काढू नका... असू द्या.

मी एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

शाई बोटाला लागली.