ओकी बेटाची तार

मात्सुएच्या कचेरीत सकाळचा चहा फिरला आणि फुमिएने ओकी बेटाशी संदेशांची ने-आण करणारी तार कायमची बंद करायचं काम हाती घेतलं.

तारेवरचं वाचणारा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. तो वाट बघत अडून बसत नसे, क्षणाक्षणाला नुसता डोकावे. काही आलं नसेल तर सांगे, "आत्ता काही नाही, पुन्हा बघ." पलीकडचं टोक मिटलं असेल तर, "संपलं." अकरा वर्षांपूर्वी तिने या दोन्हींचा अर्थ एकच धरला होता. तेव्हा आलेल्या वादळात तिचा नवरा शिगेकी बेटावरच्या हवामान-ठाण्यात एकटा होता. तो दोन मिनिटं गप्प राहिला, आणि तिच्या प्रोग्रामने तार मिटवून टाकली. त्यानंतर त्याने मदत मागितली असेलही. वाचायला कोणी नव्हतं. तो परतला नाही.

अहवालात 'यंत्रातला बिघाड' असं आलं. चूक आपलीच हे न सांगता फुमिएने ती दुरुस्त केली, तेव्हा वरिष्ठांनी तिची पाठही थोपटली.

आज प्रोग्राम म्हणाला, "आत्ता काही नाही, पुन्हा बघ."

"'संपलं' यायला हवं ना?" हातोरीसाहेब हसले. "तार कालच कापली, फुमिएसान. तुमचा प्रोग्रामही तुमच्याबरोबर म्हातारा झाला वाटतं!"

तिने बेटावर फोन लावला. ठाणं झाडणाऱ्या योनेआजी वैतागल्या.

"अगं, टोक माझ्या हातात आहे! वेटोळं करून ठेवतेय. यंत्रं तर सगळी परवाच उचलून नेली."

फुमिएने आपल्या बाजूचीही तार यंत्रातून उपटली.

"आत्ता काही नाही, पुन्हा बघ."

हातोरी हसायचे थांबले. "बंद करा ते. नाहीतर मी करतो."

"एकदा केली होती मी ही तार बंद," ती म्हणाली. "घाईघाईने."

मग तिने टंकलं : 'शिगेकी, बिघाड नव्हता. तू बोलायच्या आधी मीच तार मिटवली.'

पडद्याच्या कोपऱ्यात पलीकडे न वाचल्या गेलेल्या अक्षरांचा आकडा उमटला. चोवीस. पलीकडचं यंत्र वाचायला लागलं की तो एका झटक्यात शून्यावर येतो.

उपटलेली तार तिच्या मांडीवर होती.

तेवीस.

बराच वेळ काही नाही.

बावीस.

ओठ हलवत, एकेक अक्षर लावत कोणी वाचावं, तसा तो आकडा उतरत होता.