पडताळणीचा रकाना

धाकटीने पत्त्यांचा कॅट पुन्हा हातात घेतला तो भविष्य बघायला नव्हे. एवढं तिने नवऱ्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

"रोज सकाळी एक पान काढायचं, चित्र बघून मनात काय येतं ते लिहायचं. बस्स."

"मग कॅलेंडरवरच्या चित्रांनी काय घोडं मारलंय?" वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता तो म्हणाला.

धाकटी त्रेचाळीस वर्षांची होती आणि गेली वीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासत होती. टॅरोचा हा जुना कॅट आईच्या पश्चात कपाट आवरताना बिस्किटांच्या डब्यात सापडला. कडा पिवळ्या पडलेल्या, पानं हाताळून मऊ झालेली. तिने सवयीने मोजली. सत्त्याहत्तर. असायला हवीत अठ्ठ्याहत्तर. कुठलं पान नाही, ते तिला न शोधता माहीत होतं. लाल हृदय आणि त्यात आरपार घुसलेल्या तीन तलवारी. सोळाव्या वर्षी ते पान तिने स्वतःच्या हाताने फाडलं होतं आणि तुकडे संडासात टाकून वरून बादलीभर पाणी ओतलं होतं.

तेव्हा थोरली बहीण लग्नाला होकार देणार होती. आदल्या दिवशी हसत हसत म्हणाली, "काढ गं माझ्यासाठी एक." तीन तलवारी निघाल्या. धाकटीने पान पटकन पालथं घातलं आणि ठोकून दिलं, "प्रेमी! लग्नाचं पान आलंय." थोरलीने तिचा गालगुच्चा घेतला. एकवीस वर्षांनी तीच थोरली एक सुटकेस घेऊन परत आली आणि दोन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन राहू लागली. पत्त्यांच्या भरवशावर कोणी लग्न करत नाही, हे धाकटीला कळत होतं. तरी ते सांगायचं राहून गेलं ते गेलंच. आता सहा वर्षांनी थोरलीचा नवरा पुन्हा फोन करू लागला होता. ये, झालं गेलं विसरून जाऊ.

रोजच्या पानासाठी धाकटीने वही घेतली आणि हाताच्या सवयीने प्रयोगशाळेतल्या रजिस्टरसारखी आखली. तारीख, पान, विचार, नोंद करणाऱ्याची सही. शेवटचा रकाना पडताळणीचा. आखून झाल्यावर तिचं तिलाच हसू आलं. प्रयोगशाळेत तिथे दुसरा माणूस हिरव्या शाईने खूण करतो, आणि तीही नमुना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय करायची नाही, असा नियम. इथे दुसरं कोण होतं? रकाना रिकामा राहिला.

बाराव्या दिवशी सकाळी वही उघडली, तर अकरा नोंदींपुढे अकरा हिरव्या खुणा होत्या.

"माझ्या वहीला हात लावलास?"

"तुझी वही?" नवरा दाढी करत होता. "मला माझाच पासवर्ड आठवत नाही, तुझी वही कशाला उघडू?"

"घरात आपण दोघंच आहोत."

"म्हणजे चोर ठरलो मी. कबूल. आता टॉवेल दे."

तो हसला, पण ती हसली नाही. त्या दिवशीची नोंद करून तिने वही आणि डबा टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली. दुसऱ्या दिवशी बारावी खूण होती. तिने कात्रीने तिचा कोपरा कापून प्रयोगशाळेत नेला आणि पाण्यात सोडला. हिरवा रंग पसरला. साधी शाई, कुठल्याही दुकानात मिळते तशी.

मग तिने प्रयोगशाळेतलीच युक्ती केली. तपासणारा खरोखर बघतो की नुसताच खुणा करतो, हे कळावं म्हणून तिथे मुद्दाम एक चुकीचा आकडा पेरतात. नवरा आंघोळीला गेला असताना तिने पान काढलं. चंद्र आला. वहीत लिहिलं, सूर्य. पान पिसून टाकलं, खण बंद केला आणि कोणाकडे अवाक्षर काढलं नाही.

सकाळी 'सूर्य'वर एक सरळ रेघ होती. खाडाखोड नाही, गिरवणं नाही. अगदी नियमाप्रमाणे एकच रेघ आणि वर छापील अक्षरात, हिरव्या शाईने: चंद्र.



रविवारी दुपारी चारला थोरली आली. चपला काढतानाच म्हणाली, "उद्या सकाळची गाडी आहे. सुटकेस भरून झाली. म्हटलं, तुझं खूळ पुन्हा सुरू झालंय, तर एक पान बघून जावं."

"नक्की जातेस, ताई?"

"पान तर काढू दे!"

धाकटीने तिच्यासमोर पानं मोजली. सत्त्याहत्तर. नीट पिसली. थोरलीने मधूनच एक ओढलं आणि न बघता तिच्या हातात दिलं, पूर्वी द्यायची तसंच.

तीन तलवारी.

पान कोरं करकरीत होतं. त्याचे कोपरे बोटांना टोचत होते.

"काय आलं?"

'प्रेमी' हा शब्द जिभेवर येऊन थांबला होता. धाकटीने तो गिळला आणि पान टेबलावर उताणं ठेवलं. मग सगळं सांगितलं. तेव्हा कुठलं पान आलं होतं, ती काय बोलली होती, ते पान तिने कसं फाडलं होतं.

थोरलीने पान उचलून उलटसुलट पाहिलं आणि परत ठेवलं.

"फाडलं होतंस ना? मग हे कुठून आलं?"

"माहीत नाही."

"मला माहीत आहे. तेव्हा मी खूश व्हावं म्हणून खोटं बोललीस, आता मी जाऊ नये म्हणून. हातचलाखी तेवढी सुधारलीये हो तुझी."

धाकटीने वही तिच्यापुढे ठेवली. थोरलीने हिरव्या खुणांवरून बोट फिरवलं.

"शाईपण ऑफिसातलीच असेल," ती म्हणाली आणि चपला घालून निघून गेली.

धाकटीने नोंद केली. तीन तलवारी. सही केली. पानं पुन्हा मोजली.

सत्त्याहत्तर. ते पान त्यांत नव्हतं. टेबलावरही नव्हतं.

तिने खणाला कुलूप लावलं.

सोमवारी दुपारी थोरलीचा मेसेज आला. "पोचले. काळजी करू नकोस."

धाकटीने लगेच फोन लावला. तो बंद होता.

घरी आल्यावर तिने गळ्यातल्या किल्लीने खण उघडला.

'तीन तलवारी'वर रेघ नव्हती. पुढे हिरवी खूण होती आणि या वेळी पहिल्यांदाच खुणेखाली पडताळणाऱ्याची सही होती. शेवटच्या अक्षराचं शेपूट उलटं वळवून खाली दोन टिंबं दिलेली सही. थोरली कॉलेजात असताना वहीच्या पाठीमागे पानंच्या पानं भरून ती गिरवायची. लग्नानंतर आडनाव बदललं, तेव्हा सुटली.

सहीखाली, नियमाप्रमाणे, नमुना पाहिल्याची तारीख होती.

सत्तावीस वर्षांपूर्वीची.